बिनशेपटीचा वाघ

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून कर्नल स्लीमन आपल्याला ठाऊक असतो. 1844 साली निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात माणसाचा वाघ होण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यातली सगळ्यात झकास गोष्ट त्याला सांगितली ती देवरीच्या मराठी जहागीरदारांनी, श्रीमंत रामचंद्ररावांनी. रानात एक मुळी असते. ती खाल्ली की माणसाचा वाघ होतो, दुसरी खाल्ली की पुन्हा माणूस. श्रीमंतांच्या वडिलांकडे रघू नावाचा परीट होता, त्याला खुमखुमी आली. उताऱ्याची मुळी बायकोच्या हाती देऊन त्याने पहिली खाल्ली. समोर वाघ उभा राहिल्यावर बायकोची गाळण उडाली आणि मुळी मुठीत घेऊन ती पळत सुटली. रघू रानात शिरला, आसपासच्या गावांतली जुनी ओळखीची माणसं खात सुटला, आणि शेवटी गोळीने मेला तेव्हा शेपूट नव्हती म्हणून ओळखला गेला.

पौर्णिमा नाही, शाप नाही, चांदीची गोळी नाही. एक हौस आणि एक घाबरलेली बायको, एवढ्यावर गोष्ट उभी आहे.

विलायती भुतांचे जे नियम आपण पुरातन समजतो ते तसे पोरसवदा आहेत. स्टोकरचा ड्रॅक्युला (1897) दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो; उन्हाने मरणारा रक्तपिपासू 1922च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाने आणला. चंद्र उगवला की लांडगा होणारा माणूस घरोघरी पोचला तो 1940च्या दशकातल्या हॉलिवूडमुळे. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून ‘लुचाई’ बेतली आणि त्यांना ते पेललंही, कारण मराठी घर रात्री कशाला भितं हे त्यांना पक्कं माहीत होतं. नंतरच्या अनेकांनी फक्त सुळे उचलले.

बल्लारपूरच्या लेखकाला तर उसनवारीचं कारणच नाही. ही गोंड राजांची जुनी राजधानी, वर्धा नदीच्या काठची. पुढे राजधानी चंद्रपूरला गेली. तिथल्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला दाबून धरणारा शार्दूल कोरलेला आहे. कुठल्याही रानात न सापडणारं जनावर या राजांनी राजचिन्ह म्हणून मिरवलं. ताडोबाची कथा त्याहून मोलाची. तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरते. 1955 साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला नाव मिळालं ते मेलेल्या माणसाचं, मारणाऱ्या वाघाचं नव्हे.

कॅप्टन फोर्सिथने 1871च्या पुस्तकात मध्य प्रांतातली आणखी एक समजूत नोंदवली आहे: वाघाने मारलेल्याचा आत्मा वाघाच्या डोक्यावर बसतो आणि त्याला धोक्यातून सांभाळून नेतो. रक्तपिपासूचा बळी स्वतः रक्तपिपासू होतो. इथला बळी मारेकऱ्याचा वाटाड्या होतो. मला हे जास्त भयंकर वाटतं. नवरा ज्याने नेला त्या वाघाला पुढे तोच नवरा तुमच्या बांधावर आणणार! एवढ्या एका कल्पनेत कादंबरी आहे.

पण या भागात भीती कल्पनेपुरती नाही. वर्धेपलीकडच्या राजुऱ्यात माणसं मारणारा ‘आरटी-1’ वाघ ऑक्टोबर 2020 मध्ये जेरबंद झाला. तेंदूपानाला, मोहाला पहाटे जाणारी बाई आजही चार जणींच्या सोबतीनेच जाते. तिच्या मरणावर शापाचं कलम करणारी कथा मला खोटी वाटते. माणसाचा वाघ लिहायचा तर रघूसारखा लिहावा: नावाचा, धंद्याचा, शेजारच्या आळीतला, आपल्या हाताने मुळी खाल्लेला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ‘अमका रात्री रूप पालटतो’ हे वाक्य कथेत रंजक असतं, गावात ते आरोप होतं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला, तरी 2021 च्या ऑगस्टमध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी गावात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारहाण झाली. तेव्हा लेखकहो, वाघ हवा तेवढा भयानक करा. पण तो कोण हे ठरवण्याचा अधिकार कथेतल्या जमावाला देणार असाल, तर तो जमावही वाघाइतकाच भयानक लिहा.