कुर्ला ते कल्याण : रस्त्यावर क्वचित दिसणाऱ्या जुन्या वेगवान मोटारी

जुनी, दुर्मिळ आणि वेगासाठी नावाजलेली मोटार कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यावर दिसणे हा योगाचा भाग मानला जातो. या योगामागे मात्र आयातीचे कायदे, कारखान्यांचे चढउतार आणि कोकणपट्टीचा पाऊस असा पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. उल्हास नदीकाठच्या मोहने गावाच्या आसपासच त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण घडले. नॅशनल रेयॉन कंपनीभोवती वाढलेले मोहने आणि सेंच्युरी रेयॉनचे शहाड यांच्या दक्षिणेला, कल्याण-शिळ रस्त्यावर, एकेकाळी फ्रेंच मोटारी जोडल्या जात होत्या.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई इलाख्यात परदेशी मोटारींची वाण नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत बस्तान बसवले. शेव्हरले, ब्युइक, फोर्ड या गाड्या वकील, डॉक्टर आणि गिरणीमालकांच्या दारात आल्या. खऱ्या अर्थाने दुर्मिळ आणि ताकदवान यंत्रे संस्थानिकांकडे होती. त्यांतली महाराष्ट्राला सर्वांत परिचित मोटार म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक. हे जर्मन नाव विमानांच्या आणि झेपेलिनच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध होते. ही मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले लोक छत्रपतींइतकेच गाडीकडेही पाहतात. संग्रहालयाच्या काचेआड न जाता ही मोटार दरवर्षी चालत्या स्थितीत लोकांसमोर येते, आणि म्हणूनच तिचे मोल अधिक आहे.

१९५३ नंतर चित्र पालटले. ज्यांच्याकडे भारतात मोटार बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच परवानगी, असे सरकारी धोरण ठरले आणि नुसते भाग जोडणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड यांनी काढता पाय घेतला. आयात जवळजवळ थांबली. पुढची तीन-साडेतीन दशके परदेशी बनावटीची नवी गाडी मिळवण्याच्या वाटा थोड्याच होत्या. वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना काही अटींवर स्वतःची गाडी आणता येई. त्या काळी मुंबईत दिसणाऱ्या मर्सिडीजमागे बहुधा यांपैकी एखादी वाट असे. तिचा मालक सिनेमावाला की उद्योगपती यावर चहाच्या टपरीवर चर्चा होई, ती गाडीच्या याच दुर्मिळतेमुळे.

स्थानिक कारखान्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स अग्रणी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली तिची स्थापना केली. कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या निघाल्या आणि पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ची गोलसर फियाट ११०० मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. नाव अपमानाचे वाटले, तरी त्यात मायाच होती. पुढे १९६४मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७०च्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे हे इंजिन कागदावर साधे दिसते. इटलीत मात्र याच ११०० घराण्याच्या गाड्या शर्यतींत धावत होत्या, आणि भारतातल्या मिस्त्रींनीही त्यातला दम ओळखला होता.

बंद बाजारात वेग विकत मिळत नव्हता, तो गॅरेजमध्ये तयार करावा लागे. सिलिंडर हेड घासून दाब वाढवायचा, आतल्या वाटा गुळगुळीत करायच्या, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवायचे आणि मोकळा सायलेन्सर लावायचा, हे त्यामागचे तंत्र. अशा सुधारलेल्या फियाट मद्रासजवळच्या शोलावरम धावपट्टीवर शर्यतीत उतरत. मुंबईला शर्यतीचा कायमचा ट्रॅक कधीच लाभला नाही. त्यामुळे वेगाची हौस भागवण्याची जागा म्हणजे घाट आणि पहाटेचा रिकामा रस्ता. ही हौस धोक्याचीही होती, हेही नोंदवले पाहिजे. त्या पिढीच्या कसबाचे कागदोपत्री पुरावे फारसे राहिले नाहीत. आज एखादी जुनी फियाट दिसली तर आधी आवाज ऐकावा, कारण दोन कार्ब्युरेटरची गाडी हळू चालतानाही वेगळी घुमते.

१९८५ साली प्रीमियरची ११८ एनई आली. तिचा सांगाडा फियाट १२४चा, म्हणजे १९६७ची युरोपीय ‘कार ऑफ द इयर’ ठरलेल्या गाडीचा. स्पेनच्या सिआट कंपनीकडून त्याचे साचे आले होते. नावातले ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. ११७१ सीसीचे हे जपानी इंजिन सुमारे ५२ अश्वशक्तीचे होते. आजच्या मानाने हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण अँबॅसडर आणि पद्मिनीच्या जमान्यात ही गाडी चपळ मानली गेली. त्याच सुमाराला हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा रस्त्यावर होती. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाल्यावर रुबाबाला जोरही जोडला गेला. आज काँटेसा दिसली की लोक फोनवर फोटो काढतात. ११८ एनईकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि हा तिच्यावर अन्याय आहे.

कल्याण परिसराचे स्वतःचे प्रकरण १९९४मध्ये सुरू झाले. उदारीकरणानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने प्रीमियरशी हातमिळवणी केली आणि पाल-प्यूजो ही कंपनी उभी राहिली. कल्याण-डोंबिवलीत प्यूजो ३०९ बनू लागली. युरोपात तिचे उत्पादन तोवर थांबले होते. तिकडे या मालिकेतली ३०९ जीटीआय ही १.९ लिटरची, १३० अश्वशक्तीची गाडी चालकांच्या पसंतीची होती. भारतात मिळाले ते १.४ लिटरचे पेट्रोल आणि १.५ लिटरचे डिझेल इंजिन, म्हणजे कुटुंबाची गाडी. मात्र सांगाडा तोच होता. प्यूजो २०५च्या बैठकीवर बेतलेली मागची टॉर्शन बार सस्पेन्शन वळणावर गाडी घट्ट धरून ठेवत असे, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचा आरामही मोठा. मागची मोठी वक्र काच आणि जाळीवरचा सिंह ही तिची ओळख.

हा उद्योग फार काळ टिकला नाही. कारखान्यात कामगार तंटा पेटला, विक्री व सेवेची घडी बसली नाही आणि १९९७मध्ये प्यूजोने भागीदारी सोडली. सुटे भाग मिळेनासे झाले. ज्यांनी घरची पहिली परदेशी वाटणारी गाडी म्हणून ३०९ घेतली, त्यांना ती लवकरच कुठल्या तरी कोपऱ्यात उभी करावी लागली. कल्याण-शिळ रस्त्यावरच्या ‘प्रीमियर मैदाना’ला आज लोक सभांमुळे ओळखतात. मोहन्यातली नॅशनल रेयॉनही २००९ साली बंद पडली. ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक पडझडीत यंत्रांबरोबर त्यांना घडवणाऱ्या हातांचे कसबही विखुरले, आणि डोंबिवलीत जोडलेली ३०९ ही त्या कसबाची चालती निशाणी आहे. म्हणून या भागात ती दिसणे एखादी फेरारी दिसण्यापेक्षा मोलाचे मानावे. फेरारी पैशाने येते. २००२ साली सचिन तेंडुलकरला मिळालेल्या ३६० मोडेनाच्या सीमाशुल्कावरून वाद झाला, तेव्हा त्या पैशाची व्याप्ती सर्वांना कळलीच.

पुढच्या काळात महाराष्ट्रात बनलेल्या काही गाड्याही आता जाणकारांच्या यादीत आहेत. कुर्ल्याला २००१पासून निघालेली १.६ लिटर, १०० अश्वशक्तीची फियाट पॅलिओ ही त्यांतली एक. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातून २००४मध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली, १.८ लिटर टर्बो आणि १५० अश्वशक्तीची. रांजणगावातून २०१५मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो निघाली आणि अल्पावधीत दिसेनाशी झाली. यांपैकी कोणतीच मोठ्या संख्येने विकली गेली नाही. महागड्या दुरुस्तीमुळे अनेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडेच थकल्या.

गाडी ओळखण्याची पहिली खूण नंबर प्लेट. जुन्या मुंबई राज्यातल्या गाड्यांचे क्रमांक ‘बी’ने सुरू होत, तर महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे आकडे अशी पद्धत आली. नवा मोटार वाहन कायदा १९८९मध्ये लागू झाला आणि ‘एमएच’ क्रमांक सुरू झाले : ताडदेव ०१, ठाणे ०४, कल्याण ०५, पुणे १२. म्हणून तीन अक्षरांची मूळ प्लेट असलेली ११८ एनई १९८९च्या आधीची हे सांगता येते. दुसरी खूण धातूच्या बंपरची, तिसरी दिव्यांच्या मूळ काचांची. बाजारू नवे दिवे बसवलेल्या गाडीचे अर्धे दस्तऐवजी मोल गेलेले असते.

अशा गाड्या टिपण्याची वेळ रविवारची पहाट, जागा कल्याणहून शहाड, मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. मुंबईत हॉर्निमन सर्कलपासून निघणाऱ्या व्हिंटेज मोटारींच्या रॅलीत जुन्या मोटारी एकत्र दिसतात, पण रॅलीतली गाडी घासूनपुसून आणलेली असते. भाजीच्या पिशव्या घेऊन बाजारातून परतणारी जुनी गाडी त्याहून बरेच काही सांगते.

या गाड्या कमी होण्याची कारणे स्पष्ट आहेत. पावसाळ्यात तळाचा पत्रा गंजतो, १५ वर्षांनंतर पुनर्नोंदणी व पर्यावरण कर भरावा लागतो, भाग मिळत नाहीत आणि भंगाराचा दर लगेच हातात पडतो. सर्वांत मोठी संख्या पद्मिनी टॅक्सींची होती. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज मोटारींसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांपेक्षा जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. सांगाडा, बाह्य काया किंवा इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, देखभाल एवढ्यासाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. म्हणून दोन कार्ब्युरेटर लावून वेग वाढवलेल्या फियाटच्या मालकांनी तिचे मूळ भाग फेकू नयेत, आरसी पुस्तकही जपून ठेवावे. १९८५ साली नोंदलेली ११८ एनई या नोंदणीसाठी २०३५मध्ये आणि १९९५ साली नोंदलेली डोंबिवलीची प्यूजो ३०९ २०४५मध्ये पात्र ठरेल.