शय्यागृहातील लाकूडसामानाची सजावट

हलक्या प्रतीच्या किंवा जुन्या लाकडाचे पलंग, पाळणे, पेट्या, कपाटे इ. शय्यागृहातील वस्तूंवर लेप, रंग, लाख, रोगण, कागदी चित्रे वा पातळ तक्ते चढवून त्यांस टिकाऊपणा व शोभा आणण्याची कला. कोरीव कामाहून ती मुळातच वेगळी आहे. कोरीव काम लाकडाच्या अंगातून निघते व त्यासाठी साग, शिसवी यांसारखे घट्ट रेषांचे, महाग लाकूड लागते. पृष्ठसजावट लाकडाच्या वर राहते व आंबा, पांगारा, सावर अशा स्वस्त लाकडालाही चालते. त्यामुळे पहिलीचा इतिहास वाड्यांतून व राजवाड्यांतून सहज वाचता येतो, तर दुसरीच्या वस्तू वापरून झिजल्या, पुन्हा रंगविल्या गेल्या किंवा चुलीत गेल्या.

नासिक परिसरात हा फरक स्पष्ट दिसतो. जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणे व त्यांपलीकडील डांग या भागांत सागाची अरण्ये असल्याने पेशवेकाळात शहरातील वाड्यांना चांगले लाकूड जवळच उपलब्ध होते. नासिकचा सरकारवाडा व चांदवडचा होळकरांचा रंगमहाल यांतील खांब, तुळया व महिरपी त्याची साक्ष देतात. रंगमहालात लाकडी कोरीव कामाच्या जोडीने भित्तिचित्रेही आहेत. अशा घरांतील पलंग ही मालमत्तेतच मोजण्याची वस्तू होती. सामान्य घरात मात्र निजण्यास घोंगडी, सतरंजी किंवा सुंभाने विणलेली बाज असे. गावच्या सुताराच्या बलुत्यात शेतीची औते येत. पाट, पाळणा, पेटी यांची मजुरी बहुधा निराळी द्यावी लागे. साहजिकच अशा वस्तू लग्न, बारसे अशा प्रसंगीच घडविल्या जात, आणि प्रसंगाच्या वस्तूला रंग हवाच, हा संकेत त्यातून दृढ झाला.

सागाच्या तोडीवर राज्यसत्तेचे लक्ष फार पूर्वीपासून होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारा साग परवानगीने तोडावा आणि आंबा, फणस ही रयतेची झाडे मालकाच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, असा दंडक आढळतो. इ. स. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव व संरक्षित जंगलांची व्यवस्था कडक झाली व साग सामान्य माणसाच्या हातून आणखी दूर गेला. त्यापूर्वीच, १८६५ मध्ये, थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीस पोहोचला होता. मुंबईच्या बाजारातील ब्रह्मदेशी सागही त्या वाटेने येऊ शकत होता, पण तो ज्यांना परवडे त्यांनाच. उरलेल्यांनी आंबा आणि जंगली जातींचे लाकूड वापरले.

या लाकडांचा मोठा दोष म्हणजे कीड. त्यांच्या रसकाष्ठात पिष्ट असते. त्यावर जगणारे छिद्रक भुंगेरे लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालतात आणि काही वर्षांत आतला भाग पिठासारखा होतो. रंध्रे लेपाने बुजविली म्हणजे अंडी घालण्यास जागा उरत नाही. रंगलेप हा अशा प्रकारे मुळात वस्तूचे आयुष्य वाढविण्याचा उपाय होता. वेलबुट्टी त्यावर आली. बाजारी कपाटांची दर्शनी बाजू चकचकीत करून पाठ व तळ कोरे ठेवण्याची पद्धत कारागिरीच्या दृष्टीने अगदी उफराटी आहे, कारण कीड पाठीमागूनच शिरते.

महाराष्ट्रात या कलेची सर्वांत संपन्न परंपरा सावंतवाडी येथे आढळते. तेथील चितारी समाजातील कारागीर पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, पेट्या, खेळणी व गंजिफांची पाने रंगवीत आले. खेळण्यांस हलका पांगारा व बैठ्या सामानास आंब्याचे लाकूड प्रामुख्याने वापरले जाई. लाकूड वाळवून व घासून त्यावरील भेगा आणि सांधे लुकणाने भरत. चिंचोक्यांची खळ व खडूची पूड यांचा लेप देऊन तो वाळल्यावर पुन्हा घोटत. या गुळगुळीत पांढऱ्या भूमीवर तांबडा, पिवळा, हिरवा वा काळा सपाट रंग आणि त्यावर बारीक कुंचल्याने काठ, वेल, फुले, दशावतार किंवा अन्य देवतांची चित्रे काढीत. शेवटी लाखेचे रोगण दिले की रंग बंदिस्त होई व त्यांना ओलसर झळाळी येई. लाकूड कोणते, हे तयार वस्तू पाहून ओळखता येत नाही. पण ते सागाचे आहे असाही आव ती आणत नाही. ही सजावट लाकडाचे सोंग करीत नाही, हा तिचा विशेष होय. गोव्यातही कुंकळ्ळी येथील चितारी कारागिरांनी लग्नकार्यातील पाट व पाळणे यांवर याच जातीचे लाखकाम केले.

छापील पत्ते व यंत्रनिर्मित वस्तू आल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफाकला जवळजवळ लोपली व लाकूडकामालाही उतरती कळा लागली. संस्थानचे अखेरचे अधिपती शिवरामराजे भोसले व त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी (मृत्यू २०१८) यांनी जुन्या कारागिरांकडून ही विद्या जाणून घेतली आणि १९७० नंतरच्या काळात राजवाड्यातच कार्यशाळा चालवून तरुण कारागिरांना काम दिले. गंजिफांबरोबर मेजे, खुर्च्या व पेट्याही तेथे रंगविल्या जाऊ लागल्या. राजाश्रयाने नव्हे, तर नव्या गिऱ्हाइकामुळे ही कला तगली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

लाख चढविण्याची दुसरी रीत कातकामाची. पलंगाचे खूर व पाळण्याचे दांडे चरकावर फिरते ठेवून त्यांवर रंगीत लाखेची कांडी दाबली असता घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. गुजरातेतील संखेडा येथे खरादी कारागिरांनी याच तंत्रात कथिलाच्या पांढऱ्या नक्षीची भर घातली. तिच्यावर लाख चढली की नक्षी सोनेरी दिसते. तेथील पाळणे व झोपाळे दूरवर जात. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरील किड्यांपासून मिळणारी हीच भारतीय लाख चपडीच्या रूपाने यूरोपात गेली. एकोणिसाव्या शतकात चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने घोटण्याची ‘फ्रेंच पॉलिश’ ही पद्धत तेथे रूढ झाली व पुढे परकी नाव घेऊन भारतीय सुतारांकडे परत आली.

यूरोपातही स्वस्त सामान सजविण्याचा मार्ग अनुकरणातून निघाला. पौर्वात्य लाखकामाची नक्कल शिकविणारा स्टॉकर व पार्कर यांचा ग्रंथ इंग्लंडमध्ये १६८८ मध्ये निघाला. अठराव्या शतकात व्हेनिस येथे छापील चित्रे कातरून सामानावर चिकटवीत व वर रोगणाचे अनेक हात देत; या प्रकारास ‘लाक्का पोव्हेरा’, म्हणजे गरिबाची लाख, असे नाव पडले. आल्प्सच्या परिसरातील शेतकरी वधूचे कपाट व पलंग देवदाराच्या जातीच्या मऊ लाकडाचे करून त्यांवर फुले रंगवीत. मराठी घरांत १८९४ मध्ये स्थापन झालेल्या रविवर्मा मुद्रणालयाची व तत्सम चित्रे पेटीच्या झाकणाच्या आत चिकटविलेली असत, ती व्हेनिसच्या रीतीची दूरची भावंडेच म्हणता येतील.

विसाव्या शतकात सजावटीचा अर्थ पालटला. अमेरिकेत १९१२ मध्ये विद्युत् निरोधक म्हणून, अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी, निघालेला फॉर्मायका हा रेझीनयुक्त कागदी तक्ता पुढे मेजांवर व कपाटांवर बसू लागला. ‘सनमायका’ हे व्यापारी नाव तर मराठीत सामान्यनामच झाले. त्यावर सागाच्या रेषा छापता येत असल्याने स्वस्त लाकूड प्रथमच सर्रास महाग लाकडाचे सोंग घेऊ लागले. नासिक येथे सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहती आणि सिडकोची लहान घरे उभी राहिली, त्या सुमारास प्लायवुडचा दिवाण, लोखंडी खाट व पत्र्याचे कपाट हेच नव्या संसाराचे सामान बनले होते. त्याच दशकांत जुन्या नासिकातील कित्येक वाडे पाडले गेले व त्यांचा साग वखारींत विकला गेला. एकीकडे सागाची छापील नक्कल घरात येत होती, तर दुसरीकडे खरा साग घराबाहेर पडत होता.

जुने सामान खरवडून पुन्हा रंगविण्याची हौस अलीकडे वाढली आहे. तीत एक धोका संभवतो. जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगे असत व कोरडे घासताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मज्जासंस्थेस विशेष घातक असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. पारंपरिक रंगही निर्दोष होते असे नाही. हिंगूळ व हरताळ ही भारतीय चित्रकारांची आवडती खनिजे विषारीच आहेत. पिढीजात पाळणा रंगविताना म्हणूनच जुना थर ओला ठेवून काढणे, हे काम चालू असता मुलांना दूर ठेवणे व नवा रंग शिसेरहित निवडणे आवश्यक ठरते.

नव्या सजावटीत वारली चित्रांस मोठी मागणी आहे. वारली समाजाची वस्ती मुख्यतः पालघर जिल्ह्यात व नासिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातही आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा असून चौकात पालघट देवीची आकृती असते. तिच्यावाचून लग्नविधी पुरा होत नाही. जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांच्यापासून ही चित्रे कागदावर आली व जगभर पोहोचली. वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तथापि ठशांनी व साच्यांनी कपाटांवर उठविल्या जाणाऱ्या आकृत्यांत विवाहाचा चौक बहुधा गळतो आणि नाचणाऱ्यांची साखळी तेवढी उरते. पेठ-सुरगाण्याकडील चित्रकार स्त्रिया स्वतः लाकडी सामान रंगवितात तेव्हा मात्र गेरूची तांबडी भूमी आधी तयार करून, ती वाळल्यावरच पांढऱ्या रंगाला हात घालण्याचा क्रम पाळणे त्यांना सहज जमते, कारण भिंतीवरचा क्रम तोच असतो.