रुमालाखालच्या बोटांपासून क्यूआर कोडपर्यंत

आज जाऊ सोनाळ्याला. बुलडाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, पाठीशी सातपुडा. या पट्ट्यातला कापूस विकला की त्याचं बिल कोण लिहितं, एवढाच आजचा प्रश्न. कारकुनी वाटते ना? पण वऱ्हाडात या कारकुनीपायी कायदे झालेत.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि इथला कापूस मुंबईमार्गे थेट मँचेस्टरकडे निघाला. बाजारात सौदा व्हायचा रुमालाखाली. दलाल आणि व्यापारी कापडाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा कापूस, तो बैल धरून शेजारी उभा, आणि भाव कळायचा नाही फक्त त्यालाच! मग कटती, अडत, हमाली, धर्मादाय. वही व्यापाऱ्याची, शाई व्यापाऱ्याची, आकडाही त्याचाच.

1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. देशातल्या बाजार नियमनाच्या कायद्यांत हा अगदी पहिल्यांपैकी. वजनमापं, दलाल, मापारी यांच्यावर समितीची नजर आली. समितीत सात जण: पाच व्यापाऱ्यांचे, दोन नगरपालिकेचे. शेतकरी? एकही नाही. 1928 च्या शेती आयोगानंही यावर बोट ठेवलं. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा 1963 चा. त्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आहेत.

आता एकदम उडी, 1 ऑक्टोबर 2020. ई-इनव्हॉइस सुरू झालं, आधी 500 कोटींवरच्या उलाढालीसाठी. मर्यादा उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. जिनिंगवाला गिरणीला गठाणी विकतो, तेव्हा बिलाची माहिती सरकारी पोर्टलवर जाते आणि 64 अक्षरी क्रमांक, क्यूआर कोड घेऊन परत येते. तो नसेल तर कायद्याच्या नजरेत ते बिलच नाही. चुकलं तर पोर्टलवर रद्द करायला फक्त 24 तास. मुनीमजींची रात्री वही दुरुस्त करायची सोय गेली, असं म्हणा हवं तर.

5 कोटी ऐकायला मोठे वाटतात. क्विंटलला 7 हजार धरा, साधारण 7,100 क्विंटल कापूस झाला. सीझनमध्ये जिनिंगला हे फार नाही. जीएसटी आल्यापासून एखाद्या वर्षी जरी ही रेषा ओलांडली, तरी नियम लागू. सरकारी पुरवठ्यालाही तेच: टीडीएससाठी जीएसटी नोंदणी असलेल्या सरकारी खात्याला अशा व्यापाऱ्यानं माल दिला, तर ई-इनव्हॉइस लागतंच, जुलै 2023 च्या परिपत्रकानं ते स्पष्ट केलं.

आता साखळीचं पहिलं टोक बघा. शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. 15 नोव्हेंबर 2017 पासून त्याच्याकडून घेतलेल्या कापसाचा कर नोंदणीकृत खरेदीदारच भरतो, आणि त्या खरेदीचं बिलही खरेदीदारच बनवतो. या बिलाला ना 64 अक्षरं, ना क्यूआर कोड. म्हणजे गठाण गिरणीत जाते ती कोड घेऊन, आणि तोच कापूस सोनाळ्याच्या शेतातून निघतो तो काटापट्टीवर. खेडा खरेदीत तर कधी तीही मिळत नाही.

म्हणून यंदा घरचा कापूस काट्यावर चढला, की काट्याचा आकडा आणि पट्टी, दोन्हींचा फोटो काढा. पट्टी नसेल तर गाडी हलायच्या आधी मागा. वही अजून समोरच्याचीच आहे.