थंडीत हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज का घसरतं? हीटरचा खरा हिशोब

डिसेंबर उजाडला की ओळखीतल्या हायब्रिडवाल्यांचा मला एकच प्रश्न येतो. "गाडीत काही बिघाड झालाय का? उन्हाळ्यात लिटरला २२ किलोमीटर देणारी गाडी आता १५-१६ वर आली आहे." मी कॅनडात, टोरंटोजवळ राहतो. इथे जानेवारीत पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत जाणं नेहमीचंच. माझ्या गाडीनेही पहिल्या हिवाळ्यात हेच केलं होतं आणि मीही घाबरून ती तपासून घेतली होती. गाडी ठणठणीत होती. जादा पेट्रोल जात होतं त्याचा मोठा वाटा हीटरच्या नावावर होता.

हे असं का होतं, किती होतं आणि त्यावर काय करता येतं, ते या लेखात पाहू.

साध्या गाडीत हीटर जवळपास फुकट असतो

पेट्रोल इंजिन जेवढं इंधन जाळतं, त्यातला मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो. काही उष्णता सायलेन्सरमधून बाहेर पडते, काही इंजिनभोवती फिरणारं कूलंट शोषून घेतं. हेच गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात. त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि केबिन गरम होते. म्हणजे जी उष्णता तशीही फेकून द्यायची होती, तीच आपण आत घेतो. साध्या गाडीचं इंजिन सिग्नलवरही चालूच असतं, त्यामुळे उष्णतेचा पुरवठा तुटत नाही.

हायब्रिडमध्ये गणित कुठे बदलतं?

हायब्रिडचं सगळं कौशल्यच मुळी इंजिन कमीत कमी चालवण्यात आहे. सिग्नलला इंजिन बंद, उतारावर बंद, हळू चालताना बॅटरीवर. शिवाय इंजिनही जास्त कार्यक्षम. टोयोटाने चौथ्या पिढीच्या प्रियसमधल्या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४० टक्के असल्याचं सांगितलं होतं. पेट्रोल इंजिनाच्या मानाने हा आकडा उत्तमच. पण वाया जाणारी उष्णता कमी म्हणजे हीटरला मिळणारी उष्णताही कमी.

आता उणे आठ अंशांत तुम्ही केबिनचं तापमान २४ वर लावलं. सिग्नलला इंजिन बंद झालं, पंखा मात्र कूलंटमधली उष्णता ओढतोच आहे. कूलंट ठरावीक तापमानाखाली गेलं की गाडीचा कंट्रोलर इंजिन पुन्हा सुरू करतो. गाडी जागेवर उभी, बॅटरी भरलेली, आणि इंजिन चालू. कशासाठी? तर फक्त पाणी तापवायला. त्या क्षणी तुमची गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारा बंब असते.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. इंजिन नीट तापल्यावर, बाहेर कडक थंडी असताना, सुरक्षित जागी गाडी उभी करा. हीटर पूर्ण लावून इंजिन किती वेळाने सुरू होतं ते बघा. मग हीटर बंद करून बघा. माझ्या गाडीत फरक कानांनाच कळतो.

कागदावरचा हिशोब

समजा, ऑफिस ८ किलोमीटरवर आहे आणि गाडी एरवी लिटरला २० किलोमीटर देते. म्हणजे जायला ०.४ लिटर पेट्रोल लागतं. या प्रवासात निव्वळ उष्णतेसाठी इंजिन ८ मिनिटं जादा चाललं असं धरू. उभ्या गाडीत इंजिन तासाला पाऊण लिटर पितं असं मानलं, तर ८ मिनिटांत ०.१ लिटर. एकूण झालं ०.५ लिटर आणि ॲव्हरेज आलं १६ वर. नुसत्या हीटरने २० टक्क्यांची घट! प्रत्यक्षात त्या वेळात इंजिन थोडी बॅटरीही चार्ज करतं, म्हणून सगळंच वाया जात नाही. पण अंदाज यायला हा हिशोब पुरे.

हाच ०.१ लिटरचा भुर्दंड १०० किलोमीटरच्या हायवे प्रवासात पडला तर जाणवणारही नाही. तिथे तर तो पडतच नाही, कारण इंजिन तसंही बराच वेळ चालू असतं आणि हीटर पुन्हा जवळपास फुकट होतो. म्हणून तक्रार करणारे बहुतेक जण शहरातल्या शहरात, छोट्या अंतरावर गाडी चालवणारे असतात.

अधिकृत आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार शहरातल्या छोट्या फेऱ्यांत, २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी कमी होतं. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. हायब्रिडमध्ये मात्र ती ३० ते ३४ टक्के असू शकते.

ही सगळी घट हीटरमुळे नसते, हेही लक्षात घ्या. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, हवा दाट झाल्याने विरोध वाढतो आणि थंड बॅटरी ब्रेकिंगची ऊर्जा नीट साठवू शकत नाही. टायरमधली हवाही तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआयने कमी होते. यातला टायरचा भाग फुकटात सुधारता येतो, म्हणून हिवाळ्यात हवा वरचेवर तपासा.

कंपन्यांनी काढलेले मार्ग

ही अडचण अभियंत्यांना ठाऊक नव्हती असं नाही. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये चक्क एक थर्मास होता. त्यात सुमारे ३ लिटर गरम कूलंट तीन दिवसांपर्यंत गरम राहायचं आणि गाडी सुरू करताना इंजिनाला ऊब द्यायचं. मुख्य हेतू प्रदूषण कमी करण्याचा होता. तिसऱ्या पिढीत तो थर्मास गेला आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने कूलंट तापवण्याची सोय आली. त्यामुळे इंजिन लवकर तापतं आणि लवकर बंद होऊ शकतं.

प्लग-इन हायब्रिडमध्ये आणखी एक मार्ग आहे, हीट पंप. हा म्हणजे उलटा चालणारा एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे एक युनिट विजेत एकापेक्षा जास्त युनिट उष्णता मिळते. बाहेर फार थंडी असेल तर त्याची ताकद कमी पडते आणि इंजिनाला हाक मारावीच लागते. काही प्लग-इन गाड्यांत हीट पंप नसतो. तिथे बॅटरी पूर्ण भरलेली असूनही हीटर लावला की इंजिन सुरू होतं. विकत घेताना हा प्रश्न जरूर विचारा.

आपण काय करू शकतो?

• सीट हीटर असेल तर आधी तो वापरा. एका सीटला साधारण ५० ते १०० वॅट लागतात. अख्खी केबिन गरम करायला काही हजार वॅट लागतात.
• केबिनचं तापमान २४ ऐवजी १९-२० ठेवा. जॅकेट अंगात असतंच.
• ईको मोड असेल तर लावा. अनेक गाड्यांत तो हीटरची मागणी कमी करतो.
• उभ्या गाडीत इंजिन तापवत बसू नका. हळू चालवल्याने ते लवकर तापतं.
• दोन-तीन कामं एकाच फेरीत उरका. गरम इंजिन पुन्हा तापवावं लागत नाही.
• ब्लॉक हीटर बसवता येत असेल तर निघण्याआधी दोन-तीन तास टायमरवर लावा. कॅनडाच्या थंड प्रांतांत पार्किंगमध्ये त्यासाठी प्लग असतात.
• प्लग-इन गाडी असेल तर चार्जर लावलेला असतानाच केबिन गरम करून घ्या.

पण हीटर बंद ठेवू नका

ही चूक मी केली आहे. पहिल्या हिवाळ्यात ॲव्हरेजच्या आकड्याने इतकं पछाडलं होतं की एका सकाळी हीटर पूर्ण बंद करून निघालो. पाच मिनिटांत माझ्याच श्वासाने समोरची काच आतून धूसर झाली. हाताने पुसली, पुन्हा धूसर. झेब्रा क्रॉसिंगवर उतरलेला माणूस मला दिसला तेव्हा गाडी त्याच्यापासून जेमतेम दोन-तीन मीटरवर थांबली. त्या दिवशी मी फार तर एका कपभर पेट्रोल वाचवलं असेल.

काचेवर वाफ धरली की डीफ्रॉस्ट लावा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा आणि एसी चालू राहू द्या. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर तिला गरम करतो, दोन्ही मिळून काच झटपट साफ होते. यात पेट्रोल जातं. जाऊ द्या.

महाराष्ट्रात याची काळजी करावी का?

फारशी नाही. २०२२ पासून भारतात सिटी ई-एचईव्ही, ग्रँड व्हिटारा, हायक्रॉस अशा स्ट्राँग हायब्रिड गाड्या आल्या. पुण्यात पहाटे दहा अंश असले तरी इंजिन लवकर तापतं आणि हीटरची गरज थोडाच वेळ लागते. हिवाळ्यात मनाली किंवा लडाखला हायब्रिड घेऊन जाणार असाल, तर मात्र ॲव्हरेज पडलं म्हणून घाबरू नका. उलट नागपूरच्या मे महिन्यात हाच खेळ एसीसोबत दिसतो. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, बॅटरी उतरते आणि उभ्या गाडीत इंजिन सुरू होतं.

थोडक्यात, साधी गाडी बारा महिने उष्णता उधळते आणि हिवाळ्यात त्यातलीच थोडी आपल्याला देते. हायब्रिड एरवी ती उधळपट्टी टाळते, म्हणून हिवाळ्यात उष्णता मागून घ्यावी लागते आणि तिचे पैसे मोजावे लागतात. एवढं करूनही तुमची हायब्रिड जानेवारीत शेजारच्या साध्या गाडीपेक्षा बहुधा कमीच पेट्रोल पीत असते. तेव्हा ॲव्हरेज वर्षाचं बघा, एका थंड आठवड्याचं नको.