कर्नाळा : वाटेवरचा पहारेकरी

किल्ल्याची थोरवी तेथे झालेल्या लढायांवरून मोजण्याची आपल्याकडे रूढी आहे. या मापाने पाहू गेल्यास पनवेलजवळचा कर्नाळा फारसा मोठा ठरणार नाही. माथा अरुंद, सुळक्याच्या पायाशी खोदलेली पाण्याची टाकी, पडके दरवाजे, एवढाच त्याचा संसार. असे असता गुजरातचे सुलतान, अहमदनगरचे निजामशहा, वसईचे पोर्तुगीज, मराठे, मोगल आणि इंग्रज या सर्वांस हा गड का हवासा वाटला, असा प्रश्न आम्हांस पडतो.

त्याचे उत्तर गडावर नाही, गडाखाली आहे. बोरघाट उतरून पनवेल व आपटे येथील खाड्यांकडे जाणारा व्यापारी मार्ग कर्नाळ्याच्या नजरेखाली होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी उभा असलेला हा पहारेकरी ज्याच्या चाकरीत, त्याच्या हाती त्या मार्गाची नाडी. १५४० मध्ये निजामशहाने गड घेताच गुजरातच्या अधिकाऱ्यांनी पोर्तुगिजांस मदतीस बोलाविले. पोर्तुगिजांनी तो जिंकला खरा. परंतु राखण्याचा खर्च परवडेना, तेव्हा सालीना ५,००० सोन्याच्या परदावांच्या बोलीवर निजामशहास देऊन टाकला! व्यापाऱ्याचा हिशेब यात स्पष्ट दिसतो.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांस जे २३ किल्ले दिले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये मावळ्यांनी मातीचे आडोसे उभारीत, त्यांच्या आश्रयाने पुढे सरकत तो परत घेतला. पुढे पुन्हा मोगलांकडे गेलेला हा गड १७४० मध्ये पेशव्यांकडे आला आणि १८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रॉथरने जिंकला. कर्नाळ्याचे किल्लेदार अनंतराव फडके यांचे नातू वासुदेव बळवंत. ते १८४५ मध्ये जवळच्याच शिरढोण गावी जन्मले. किल्लेदारी गेलेल्या घरातून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणारा पुरुष निघावा, हा आम्ही निव्वळ योगायोग मानीत नाही.

राज्य गेले, पहारा उठला. रान मात्र राहिले. १९६८ मध्ये या रानास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. आरंभीचे सुमारे साडेचार चौरस किलोमीटरचे क्षेत्र पुढे वाढून १२ चौरस किलोमीटरच्या घरात गेले. आज गड चढणारा दुर्गप्रेमी आणि भृंगराजाची किंवा शीळकरी कस्तूराची वाट पाहणारा पक्षिनिरीक्षक एकाच पायवाटेने जातात.

पण मुंबई-गोवा महामार्ग याच अभयारण्यातून जातो. ज्या वाटेमुळे कर्नाळ्यास महत्त्व आले, तिच्याच गर्दीपासून आता त्यास जपावयाचे आहे. सुळक्यावरील आग्यामोहोळे आरडाओरड व धूर सहन करीत नाहीत. पक्षी तर मुकाट्याने निघून जातात. शतकानुशतके कर्नाळ्याने वाटेवर पहारा केला. आता कर्नाळ्यावर पहारा करण्याची पाळी आपली आहे, आणि त्यासाठी तलवार नको; गड चढताना थोडे मौन पाळले, तरी आरंभ होईल.