कोलंबाइननंतरचा वाद : कारणांचा शोध की दोषाचे वाटप?

१/ २० एप्रिल १९९९. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये त्याच शाळेच्या दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थ्यांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला व नंतर आत्महत्या केली. ‘मुलांनी असे का केले?’ या प्रश्नाची उत्तरे त्याच संध्याकाळपासून दूरचित्रवाणीवर मिळू लागली. त्यांतील बरीचशी पुढे टिकली नाहीत. ती का टिकली नाहीत आणि तरीही लोकांच्या मनातून का गेली नाहीत, याचा हा थ्रेड. 🧵

२/ हल्लेखोरांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत. प्रसिद्धी हा त्यांच्या हेतूचाच भाग होता आणि नंतरच्या अनेक हल्लेखोरांनी त्यांचा कित्ता गिरवला. घटना समजून घेण्यासाठी त्या नावांची गरज नाही.

३/ शाळेतील असा हा पहिला हल्ला नव्हता. डिसेंबर १९९७ मध्ये केंटकीतील पडुका, मार्च १९९८ मध्ये आर्कान्सॉतील जोन्सबरो, मे १९९८ मध्ये ओरेगनमधील स्प्रिंगफील्ड. जोन्सबरोचे हल्लेखोर अवघे ११ आणि १३ वर्षांचे होते. विशेष म्हणजे याच दशकात अमेरिकी शाळांमधील एकूण हिंसाचार घटत होता. शाळेच्या आवारात होणाऱ्या हत्या हा मुलांच्या एकूण हत्यांतील अगदी लहान भाग होता. भीती मात्र वाढत होती.

४/ कोलंबाइनची पहिली कथा काही तासांत तयार झाली. लांब काळे कोट घालणारा ‘ट्रेंचकोट माफिया’ नावाचा मुलांचा गट, त्यांना छळणारे खेळाडू विद्यार्थी, मर्लिन मॅन्सनचे संगीत, ‘डूम’ हा व्हिडिओ गेम, आणि अखेर सूड. कथा सुटसुटीत होती. खलनायक, बळी आणि हेतू सारे जागच्या जागी होते.

५/ तपासात या कथेचे धागे एकेक करून सुटत गेले. त्या गटाचा कटाशी संबंध आढळला नाही. हल्लेखोर मॅन्सनचे चाहते होते, याला आधार मिळाला नाही. तरी त्याला अमेरिकेतील उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. ‘डूम’ ते खेळत, हे मात्र खरे. पण तो खेळ अमेरिकेतील लाखो मुले खेळत होती. जी गोष्ट लाखोंमध्ये समान आहे, ती एकटी दोघांचे वर्तन कशी स्पष्ट करणार?

६/ खेळाडूंवरील सुडाची बाजू तर मूळ योजनेनेच लंगडी पडली. हल्लेखोरांनी जेवणाच्या सुट्टीत गजबजलेल्या उपाहारगृहात बाँब ठेवले होते. ते फुटले नाहीत, म्हणून गोळीबार हाच हल्ल्याचा चेहरा ठरला. बाँब माणसे निवडत नाही. योजना सरसकट संहाराची होती.

७/ करमणुकीला दोषी ठरवण्याची परंपरा मात्र जुनी. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले. अमेरिकी सेनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. पुढे कॉमिक्सच्या जागी संगीत आले आणि संगीतानंतर व्हिडिओ गेम. आरोपी बदलले, आरोपपत्र तेच राहिले.

८/ जून १९९९ मधील अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे कामकाज या संदर्भात पाहण्यासारखे आहे. शाळांमध्ये बायबलमधील दहा आज्ञा लावण्यास मुभा देणारी दुरुस्ती तेथे संमत झाली, आणि त्याच आठवड्यात बंदूकविक्रीवरील निर्बंधांचे विधेयक कोसळले. हे निर्बंध मे महिन्यात सेनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने तरले होते. कोणी धर्माचा ऱ्हास पाहिला, कोणी बंदुका, कोणी हॉलिवूड. प्रत्येकाला आपले आधीचेच मत सिद्ध झालेले दिसले.

९/ आता साधनांकडे वळू. शेरीफ कार्यालयाचा अहवाल मे २००० मध्ये आला. हल्लेखोरांच्या रोजनिशांसह ९०० हून अधिक पाने खुली झाली ती २००६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सात वर्षांनी. त्यांनी स्वतः चित्रित केलेल्या फिती तर अनुकरणाच्या भीतीने कधीच प्रसिद्ध झाल्या नाहीत आणि २०११ मध्ये नष्ट करण्यात आल्या. जगाने निकाल दिला पहिल्या आठवड्यात. मुख्य पुरावा आला सात वर्षांनी, तोही अपुरा.

१०/ कागदपत्रांतून सर्वांत अस्वस्थ करणारी बाब पुढे आली ती पोलिसांविषयी. मार्च १९९८ मध्येच एका कुटुंबाने तक्रार केली होती की, दोघांपैकी एकाने संकेतस्थळावर आपल्या मुलाला ठार मारण्याची धमकी दिली आहे आणि तो बाँब बनवत असल्याचे लिहितो आहे. घराच्या झडतीसाठी अर्जाचा मसुदा तयार झाला. तो न्यायाधीशांपुढे गेलाच नाही. या मसुद्याचे अस्तित्व जनतेला कळायला २००१ साल उजाडले.

११/ मग छळाचे काय? येथे अभ्यासकांत खरा मतभेद आहे. समाजशास्त्रज्ञ राल्फ लार्किन यांनी २००७ च्या ग्रंथात शाळेतील दमदाटी आणि खेळाडूंना मिळणारे झुकते माप यांना मध्यवर्ती स्थान दिले. पत्रकार डेव्ह कलेन यांनी २००९ मध्ये भर दिला तो मनोविकारांवर : एकाची निर्दय मनोवृत्ती, दुसऱ्याचे तीव्र नैराश्य. दोघांपुढे घटना एकच होती. एकाने शाळेकडे पाहिले, दुसऱ्याने मनाकडे.

१२/ या कोंडीतून वाट दाखवली ती हार्वर्डच्या समाजशास्त्रज्ञ कॅथरीन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पडुका आणि जोन्सबरो येथे जाऊन केलेला त्यांचा अभ्यास २००४ मध्ये ‘रॅम्पेज’ या ग्रंथात आला. त्यांनी पाच अटी मांडल्या : आपण समाजाच्या कडेला फेकले गेलो आहोत ही मुलाची भावना, ती तीव्र करणारी मानसिक वा कौटुंबिक अडचण, हिंसेलाच सुटका मानणारी सांस्कृतिक ‘संहिता’, धोक्याची चिन्हे न टिपणारी यंत्रणा, आणि हाती लागणारी बंदूक.

१३/ यातील प्रत्येक अट आवश्यक, पण एकटी पुरेशी नाही. छळ सोसणारी असंख्य मुले कोणावर हात उगारत नाहीत. नैराश्याने ग्रासलेली मुले बहुधा स्वतःलाच इजा करतात. पाचही गोष्टी एकत्र आल्या तरच हल्ला संभवतो. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे : पाचांपैकी एक जरी कडी तोडली, तरी हल्ला टळू शकतो. ‘मूळ कारण’ सापडेपर्यंत थांबण्याची गरज उरत नाही.

१४/ अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खाते यांनी १९७४ ते २००० मधील ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर तपासून २००२ मध्ये अहवाल दिला. हल्लेखोराचे कोणतेही ठरावीक चित्र त्यातून निघाले नाही. हिंसक व्हिडिओ गेमची आवड सुमारे १२ टक्के हल्लेखोरांत आढळली. आपला छळ झाला असे वाटणारे सुमारे ७१ टक्के होते. दोन तृतीयांशांहून अधिकांनी बंदूक स्वतःच्या वा नातलगाच्या घरातून मिळवली होती.

१५/ आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा : ८१ टक्के घटनांत किमान एका व्यक्तीला हल्ल्याच्या बेताची आधी कल्पना होती. ही व्यक्ती बहुतेक वेळा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होती. ‘मुलाचे डोके अचानक फिरले’ ही समजूत येथे मोडून पडते. बेत शिजत होता, आणि तो कुजबुजीतून बाहेरही पडत होता. मोठ्यांच्या कानापर्यंत मात्र पोहोचत नव्हता.

१६/ उपायांचे मोजमाप येथे करता येते. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर काढून टाकणे बंधनकारक केले होते. पुढे ‘झिरो टॉलरन्स’च्या नावाखाली हीच कठोरता किरकोळ चुकांनाही लागू झाली. यामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही, असे अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये म्हटले. कारणही समजण्यासारखे आहे. तोंड उघडले की मित्राचे वर्ष वाया जाणार, हे ठाऊक असेल तर मुले गप्पच राहतील.

१७/ उलट कोलोरॅडोने २००४ मध्ये ‘सेफ टू टेल’ ही व्यवस्था उभारली. विद्यार्थी नाव न सांगता तेथे धोक्याची माहिती देऊ शकतात. हल्ल्यातील चारपैकी तीन बंदुका एका १८ वर्षांच्या मैत्रिणीने बंदुकांच्या विक्री-मेळाव्यातून, खासगी विक्रेत्यांकडून पार्श्वभूमी न तपासता घेतल्या होत्या. जे वॉशिंग्टनमध्ये अडले, ते कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ७० टक्के मतांनी करून दाखवले : राज्यातील मेळाव्यांत प्रत्येक खरेदीदाराची तपासणी सक्तीची झाली.

१८/ दोन्ही उपायांत एक साम्य आहे. ते ‘मुले अशी का झाली?’ या प्रश्नाच्या अंतिम उत्तरावर अवलंबून नाहीत. ‘बंदूक हाती कशी आली?’ आणि ‘ज्यांना माहीत होते, ते बोलले का नाहीत?’ या लहान, तपासता येणाऱ्या प्रश्नांतून ते निघाले. कोलंबाइननंतरही हल्ले थांबले नाहीत, हे खरे. पण जे वेळीच उघडकीस येऊन टळले, त्यांच्यामागे बहुधा कोणीतरी एक मूल बोलले होते.

१९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक सवय उचलावी. एखाद्या भीषण घटनेचे एकच कारण कोणी ठामपणे सांगितले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. हे कारण जिथे हजर होते, तिथे प्रत्येक वेळी असेच घडले का? हा निष्कर्ष कोणत्या साधनांवर उभा आहे आणि ती केव्हा खुली झाली? हे कारण मान्य केल्याने कोणाची जबाबदारी झाकली जाते? कोलंबाइनमध्ये ‘डूम’वर बोट दाखवणे सोपे होते. न्यायाधीशांपर्यंत न पोहोचलेला तो झडतीचा कागद शोधायला मात्र दोन वर्षे लागली. (समाप्त)