'प्रश्न उद्भवत नाही' : मुंदडा, भोपाळ आणि सभागृहातल्या प्रश्नांचं वाचन

विधानसभेच्या कामकाजाचे जुने खंड तुम्ही कधी उघडून पाहिलेत का? नसतील पाहिले तर एकदा ग्रंथालयात जाऊन कुठलाही एक खंड काढा. पानामागून पान एकच साचा दिसेल. 'माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) ... हे खरे आहे काय, (२) असल्यास, ... (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि खाली उत्तर : '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.'

संशोधनाला नव्याने लागलेला विद्यार्थी इथेच कंटाळतो आणि खंड मिटून ठेवतो. माझं म्हणणं असं की या कंटाळवाण्या साच्यातच आपला खरा ऐवज आहे. फक्त तो वाचायची रीत वेगळी आहे. ती रीत दोन प्रकरणांवरून सांगतो. एकात प्रश्नाने देशाच्या अर्थमंत्र्याला घरी पाठवलं. दुसऱ्यात प्रश्न वेळेवर विचारला गेला, उत्तरही मिळालं, आणि दोन वर्षांनी हजारो माणसं मेली.

आधी थोडी पार्श्वभूमी. सरकारला प्रश्न विचारणं हा हक्क आपल्याकडे तसा हळूहळूच आला. १८६१च्या कायद्याने आलेल्या कौन्सिलात सभासदांना प्रश्न विचारताच येत नसत. १८९२च्या कायद्याने ती मुभा मिळाली, पण पूरक प्रश्नाला मनाई होती. म्हणजे साहेबाने जे उत्तर दिलं ते ऐकून खाली बसायचं. १९०९च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची परवानगी दिली आणि १९१९नंतर ती इतरांनाही मिळाली. १८९३ साली भिनगाच्या राजांनी विचारलेला पहिला प्रश्न कशाबद्दल होता माहितीये? दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणाऱ्या जाचाबद्दल. सरकारी माणसाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हाच तो प्रश्न!

पूरक प्रश्नाची ही गोष्ट लक्षात ठेवा. छापील उत्तर खात्यातले कारकून आणि सचिव तयार करतात, मंत्री ते वाचतो. पूरक प्रश्न आला की मंत्र्याला स्वतः बोलावं लागतं. म्हणून तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यायचं तो, आणि अतारांकित, म्हणजे ज्याचं उत्तर नुसतं लेखी येतं तो, हा फरक संशोधकासाठी फार मोलाचा आहे.

आता मुंदडा प्रकरण. १९ जानेवारी १९५६ला आयुर्विमा धंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. (त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, हे तुम्हाला संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातून ठाऊक असेलच.) राष्ट्रीयीकरणाची एक पार्श्वभूमीही संसदेतच घडली होती. डिसेंबर १९५५मध्ये फिरोज गांधींनी खासगी विमा कंपन्यांत पॉलिसीधारकांच्या पैशाचं काय होतं याचा पाढा लोकसभेत वाचला होता. म्हणजे लोकांचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून महामंडळ निघालं, सप्टेंबर १९५६मध्ये ते सुरू झालं, मुख्य कचेरी मुंबईत. आणि वर्षही व्हायच्या आत, जून १९५७मध्ये, त्याच महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे सव्वा कोटी रुपयांना विकत घेतले. रिचर्डसन क्रुडास, जेसप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन. मुंदडा तेव्हा आर्थिक अडचणीत होते. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला आधी विचारलंच नाही. काही शेअरांना बाजारभावापेक्षा जास्त दाम मोजला.

सप्टेंबर १९५७मध्ये राम सुभग सिंह आणि फिरोज गांधींनी हा विषय प्रश्नाच्या रूपाने पुढे आणला. दोघेही काँग्रेसचे, म्हणजे सत्ताधारी बाकांवरचे. फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. पहिल्या उत्तरातून सगळा व्यवहार काही उलगडला नाही. २९ नोव्हेंबरला विषय पुन्हा आला. १६ डिसेंबरला चर्चा झाली आणि फिरोज गांधींनी तारखा आणि शेअरांचे भाव समोर ठेवून सरकारची कोंडी केली. जानेवारी १९५८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत खुली सुनावणी घेतली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत होते की आपण या व्यवहाराला संमती दिली नव्हती, अर्थसचिव एच. एम. पटेल यांचं म्हणणं उलट होतं. छागलांनी १० फेब्रुवारीला अहवाल दिला. त्याचं सार असं, की सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. त्याच महिन्यात कृष्णम्माचारींनी पद सोडलं.

आयोग नेमल्यापासून अहवाल हाती यायला जेमतेम महिना. आजच्या आयोगांच्या मुदतवाढी पाहिल्या की हे खरं वाटत नाही.

पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण 'फिरोज गांधींचं गाजलेलं भाषण' म्हणून येतं. मला ते अपुरं वाटतं. भाषण डिसेंबरचं, प्रश्न सप्टेंबरचा. मधल्या तीन महिन्यांत काय झालं ते पाहा. सरकारने काहीतरी उत्तर दिलं आणि ते छापलं गेलं. आता त्या उत्तराला कागदपत्रं भिडवता येत होती. प्रश्न विचारणाऱ्याला बऱ्याचदा उत्तर आधीच माहीत असतं. त्याला हवी असते ती सरकारची सही, म्हणजे सरकारने सभागृहात अधिकृतपणे काहीतरी म्हणणं. एकदा ते म्हटलं की ते खोटं ठरवता येतं. म्हणून नुसतं भाषण वाचून थांबू नका, मागे जाऊन प्रश्न शोधा. आणि तारखा मांडा. निम्मं काम तारखाच करतात.

अजून एक मुद्दा. महामंडळ स्वायत्त, मग त्याच्या रोजच्या व्यवहाराबद्दल मंत्र्याला विचारता येतं का, हा वाद त्या काळात जोरात होता. 'हा विषय सरकारच्या कक्षेत येत नाही' ही ढाल आजही वापरली जाते. मुंदडा प्रकरणात ती चालली नाही, कारण व्यवहारात अर्थसचिवांचा हात थेट दिसत होता.

आता भोपाळ. युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना १९६९पासून तिथे होता आणि ऐंशीच्या सुमाराला मिथाइल आयसोसायनेट तिथेच बनू लागलं. डिसेंबर १९८१मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. १९८२च्या सुरुवातीला पुन्हा गळती होऊन कामगार रुग्णालयात गेले. मे महिन्यात अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या पथकाने तपासणी करून उणिवा नोंदवल्या. सप्टेंबरपासून राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला धोका असल्याचं लिहीत होते.

डिसेंबर १९८२मध्ये विषय मध्य प्रदेश विधानसभेत आला. कामगारमंत्री तारासिंह वियोगी यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : या कारखान्यात २५ कोटी रुपये गुंतले आहेत, तो म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवावा असा लहानसा दगड नव्हे, आणि भोपाळला धोका नाही व पुढेही होणार नाही.

२ डिसेंबर १९८४च्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरलं. सरकारचा पहिला आकडा २,२५९ मृतांचा होता, पुढे तो ३,७८७ झाला. पीडितांच्या संघटना तो मानत नाहीत, त्यांचे आकडे याच्या कित्येक पट आहेत.

दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारला गेला. मग एका ठिकाणी मंत्री गेला आणि दुसऱ्या ठिकाणी दगडसुद्धा हलला नाही, असं का? 'एकाला फिरोज गांधी मिळाला, दुसऱ्याला नाही' हे उत्तर सोपं आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे थांबू नये.

मला वाटतं, कारण प्रश्नांच्या नियमातच दडलंय. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत प्रश्न कधी स्वीकारायचा याची लांब यादी आहे, नियम ४१. त्यात एक अट अशी आहे की प्रश्न मताची विचारणा करणारा किंवा काल्पनिक स्थितीवर बेतलेला नसावा. राज्यांच्या विधानसभांचे नियमही बरेचसे याच साच्यातले. आता विचार करा. धोका म्हणजे तरी काय? अजून न घडलेली गोष्ट. 'टाकी फुटली तर?' हा प्रश्न नियमाच्या दृष्टीने काल्पनिक. 'सव्वा कोटीचे शेअर घेतले हे खरे आहे काय?' हा प्रश्न वस्तुस्थितीचा. प्रश्नोत्तरांची सगळी रचनाच झालेल्या गोष्टीसाठी आहे. पैसा गेला की मागे भाव राहतो, चेक राहतो, तारीख राहते. वायू सुटायच्या आधी काय राहतं? एखादा तपासणी अहवाल, तोही कंपनीच्या कपाटात.

दुसरं, उत्तर कोणी द्यायचं? मुंदडा प्रकरणात बोट थेट अर्थखात्याकडे जात होतं. भोपाळचा कारखाना मात्र अनेक खात्यांत वाटला गेला होता. कारखाना निरीक्षक कामगार खात्याकडे, परवाना उद्योगाकडे, कीटकनाशकाची नोंदणी केंद्राकडे, झोपड्यांचा प्रश्न शहर प्रशासनाकडे. कामगारमंत्री कामगार कायद्यापुरतं बोलणार.  पर्यावरण संरक्षण कायदा आला तो १९८६मध्ये, दुर्घटनेनंतर.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लोकसभेत १९५३पासून शासकीय आश्वासन समिती आहे. मंत्र्याने 'माहिती गोळा करण्यात येत आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत ते पुरं व्हावं अशी अपेक्षा असते आणि समिती पाठपुरावा करते. पण 'धोका नाही' या वाक्याचं काय करणार? त्यात कुठलं काम करायचं कबूल केलेलं नाही, त्यामुळे ते आश्वासनच ठरत नाही. ठाम नकार हा टाळाटाळीपेक्षा सुरक्षित ठरतो. खात्यातल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं!

म्हणून जाणते सदस्य धोक्याचा प्रश्न घडलेल्या गोष्टीच्या कपड्यात आणतात. 'गळती झाली तर काय' असं न विचारता 'गेल्या तीन वर्षांत किती अपघात झाले, किती वेळा तपासणी झाली, शेवटची कोणत्या तारखेला, अहवाल प्राप्त झाला काय, असल्यास त्यावर कोणती कार्यवाही केली' असं विचारतात. तुम्ही बँकांची बुडीत कर्जं, धरणांची सुरक्षा, रासायनिक कारखाने, खाणी, काहीही विषय घ्या, प्रश्नांची भाषा अशीच वाचा. सदस्याला खरी भीती कशाची आहे ते उपप्रश्नांच्या क्रमावरून कळतं. शेवटचा उपप्रश्न बहुधा त्याचा खरा प्रश्न असतो.

आणि उत्तरांचं वर्गीकरण करताना 'हो' आणि 'नाही' असे दोनच रकाने करू नका. 'अंशतः खरे आहे' हा रकाना हवा. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हा हवा. 'प्रश्न उद्भवत नाही' हा तर हवाच, कारण पहिलं उत्तर नकारार्थी दिलं की पुढचे सगळे उपप्रश्न आपोआप गळून पडतात. पहिल्या उपप्रश्नात एखादा तपशील किंचित चुकला, गावाचं नाव, महिना, रक्कम, की 'हे खरे नाही' म्हणून अख्खा प्रश्न निकालात निघतो. तेव्हा नकार दिसला की नेमकं काय नाकारलंय ते शब्द न् शब्द तपासा.

प्रश्नच नसतील तोही पुरावा असतो. आणीबाणीत १९७५च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तरं बंद होती. सप्टेंबर २०२०मध्ये कोविडच्या काळात लोकसभा-राज्यसभेत प्रश्नोत्तराचा तास झाला नाही, अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं तेवढी आली. अशा काळावर काम करत असाल तर लेखी उत्तरं आहेत म्हणून सरकार जाब देत होतं, असा निष्कर्ष घाईने काढू नका. पूरक प्रश्न तिथे नाही.

भोपाळबद्दल १९८४नंतर विचारलेले प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. भरपाई किती, किती दावे, आवारात पडलेल्या विषारी कचऱ्याचं काय. घटना घडून गेलेली, त्यामुळे आता सगळं मोजता येतं. तो कचरा, ३३७ टन, अखेर जानेवारी २०२५मध्ये भोपाळमधून हलला आणि जाळण्यासाठी पीथमपूरला गेला. गाड्या पोचल्या तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. ते विचारत होते, हे जाळल्यावर आमच्या हवेत आणि पाण्यात उतरलं तर?